चवड्यांवरचं घर

माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तक्रार करायला नको. मी बसमध्ये कंडक्टर. सारा दिवस "पुढे सरका, पुढे सरका, दारात काय घर बांधलंय का?" असं ओरडायचं, तर आवाज मोठा नको? सगळीकडे तो खपून जातो. एका घरात मात्र तो मला दाराबाहेर ठेवून आत जावं लागायचं. ते घर माझ्या ताईचं. कारण तिथे दिवसाढवळ्या आमचे भाऊजी झोपलेले असायचे.

भाऊजी बेकरीत भट्टीवर आहेत. जग झोपायला निघालं की हे कामाला निघतात, आणि जग दात घासत असतं तेव्हा हे दारात उभे. भुवयांवर पीठ, हाताला डागल्याच्या खुणा आणि बगलेत गरम पावाची पिशवी. पोरसवदा असताना त्या बेकरीत झाडू मारायला लागले होते. तिथून भट्टीपर्यंत आले ते आपल्या हातांच्या जिवावर. पाव भट्टीतून काढला की उलटा धरतात आणि बुडावर बोटानं टकटक करतात. पोकळ आवाज आला की खूश! मग समोरच्याला असं बघतात, जणू त्यांना पोरगी झाली आहे आणि तुम्ही पेढे मागायला आलाय.

घर दोन खोल्यांचं, आणि मधली भिंत फळ्यांची. या बाजूला कुणी शिंकलं तर त्या बाजूचा माणूस "शतायुषी हो" म्हणेल. म्हणून ताईनं सगळ्या घराचा आवाज काढून घेतला होता. बेलची वायर सुटी करून ठेवलेली. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे. ठिबकणाऱ्या नळाला सुतळी बांधलेली, म्हणजे थेंब सुतळीवरून गुपचूप खाली उतरावा. आणि माणसं? माणसं सगळी चवड्यांवर. ताई चवड्यांवर, मी चवड्यांवर, साखर मागायला येणारी शेजारीणसुद्धा दारापासून चवड्यांवर. मी एकदा खळखळून हसले, तर ताईनं माझ्या तोंडात अख्खं बिस्कीट कोंबलं. भाऊजींनी यातलं काहीएक मागितलं नव्हतं बरं का! तो बिचारा ढोल वाजला तरी झोपला असता. हा सगळा ताईचा कायदा.

आणि या घरात आमची भिंगरी चालायला शिकली.

भिंगरी म्हणजे त्यांची लेक. बोलायला लागली की थांबत नाही आणि पळायला लागली की सापडत नाही, म्हणून भिंगरी. दिवस भरून जन्मली, वेळेवर बसली, वेळेवर उभी राहिली, आणि पहिलं पाऊल टाकलं तेच चवड्यांवर! ताईचा ऊर भरून आला. "बघ गं, किती शहाणी! हिला शिकवावंसुद्धा लागलं नाही. बाबा झोपलाय हे कळतं हिला." शेजारीण म्हणाली, "माझी कार्टी बघ, हत्तीसारखी आपटत चालतात." मीसुद्धा मान डोलावली. आता तुम्हीच सांगा, ज्या घरात सगळ्यांच्याच टाचा वर, तिथे एका पोरीच्या टाचा कुणाच्या डोळ्यात भरणार? भिंगरी सहा वर्षांची होऊन शाळेत जायला लागली, तरी आम्ही आपले कौतुकच करत बसलो होतो.

मग एका सुट्टीच्या दिवशी ताईला दाढ काढायला जायचं होतं. मी म्हटलं, भिंगरीला माझ्या बसमध्ये पाठव. ड्रायव्हर आमचा भला माणूस, तो म्हणाला, "आज दोन कंडक्टर? ऐट आहे बुवा!" भिंगरी तर हवेतच. गळ्यात माझी शिट्टी घातली होती आणि प्रत्येक स्टॉपला ती फुंकत होती.

मी तिला म्हटलं, "कंडक्टर व्हायचंय ना? मग कंडक्टरसारखं उभं राहायचं. पाय फाकव, टाचा रोव, गुडघे जरा सैल सोड. मग ड्रायव्हरकाकांनी कितीही ब्रेक मारू दे, आपण हलायचं नाही."

बस निघाली आणि पोरगी माझ्या अंगावर आली. ब्रेक लागला की पुढे, बस सुटली की मागे. मी म्हटलं, "अगं, टाच टेक!"

"टेकलीय की!"

"कुठे टेकलीय? टेक म्हणते ना!"

"मावशी, टेकलीय!" पोरगी रडवेली झाली.

मी खाली वाकून बघितलं. टाचा चांगल्या बोटभर वर होत्या, आणि तिला वाटत होतं टेकल्यात! शेवटच्या स्टॉपला बस रिकामी झाली. मी तिला उभं केलं आणि एक टाच हातानं खाली दाबून बघितली. टाच खाली येईना. मी जोर लावला तर पोरगीच मागे कलंडली आणि सरळ माझ्या मांडीवर बसली. तिला वाटलं खेळ चाललाय. ती खिदळायला लागली. मी तिचे बूट काढून हातात घेतले. पुढचा तळ घासून घासून पातळ झाला होता आणि टाचेखाली दुकानातल्या शिक्क्याची शाई तशीच होती. 

ड्युटी संपल्यावर तिला घेऊन तडक ताईकडे गेले. कायदा-बियदा सगळा विसरले. दारातूनच ओरडले, "ताई! पोरीच्या टाचा टेकत नाहीत गं!"

ताई गालाला हात लावून धावत आली. "हळू! हळू बोल!" तिचं तोंड सुजलेलं, आणि डोळे वटारलेले. "अगं, आपण सगळेच घरात असे चालतो. तिला सवय लागलीय. सुटेल आपोआप."

"सवय? हातानं दाबली तरी येत नाही खाली! सवयीची पोटरी अशी लाकडासारखी होते का?"

तेवढ्यात फळीचं दार उघडलं. भाऊजी बनियनवर उभे, केस विस्कटलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मला कधी रागावत नाहीत, "मेहुणीबाई, जरा आवाजाला ब्रेक लावा" एवढंच म्हणतात. त्या दिवशी तेही म्हणाले नाहीत. भिंगरीला म्हणाले, "बाळा, आजपासून हळू चालायचं नाही. चल, जोरात चालून दाखव. धाडधाड!"

भिंगरीला काय, पर्वणीच! ती धावली, चवड्यांवर. उड्या मारल्या, चवड्यांवर. पाय आपटले, तेही चवड्यांवरच. आणि आनंदानं ओरडत होती, "बाबा, बघ! बाबा, बघ!" बाबा बघत होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"माझ्या झोपेपायी झालं हे," एवढंच ते म्हणाले.

झालं! हे एकदा त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आम्ही तिला मुलांच्या हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर बाई होत्या, आणि घाई नसलेल्या होत्या, हे मला फार आवडलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं. दिवस पूर्ण भरले होते का? बोलायला कधी लागली? इतर मुलांत खेळते का? पहिल्यापासूनच अशी चालते, की आधी नीट चालायची आणि मग बदललं? एका पायानं की दोन्ही? मग गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली, तळव्यावर रेघ ओढली, तर भिंगरी हसून लोळली. जमिनीवर बसवून हात न टेकता उठायला लावलं. ती उठली आणि वर एक गिरकी घेतली, कुणी सांगितली नव्हती तरी.

मग डॉक्टर म्हणाल्या, "लहान मुलं चालायला शिकताना चवड्यांवर चालतात, ते नवल नाही. दोन-तीन वर्षांची होईपर्यंत बहुतेकांचं आपोआप जातं. त्यानंतरही राहिलं तर मात्र दाखवायला हवं. कधी नसांचा आजार असतो, कधी स्नायूंचा, कधी मुलाच्या वाढीतलं दुसरं काही. म्हणून मी एवढं विचारलं. हिच्यात तसलं काही दिसत नाही. पण इतकी वर्षं चवड्यांवर राहून पोटरी आखडलीय. टाचेमागची दोरी आखूड पडलीय. पाऊल काटकोनापर्यंतसुद्धा येत नाही."

"मग?" ताईनं विचारलं.

"आधी व्यायाम. त्यानं भागलं नाही तर प्लास्टर, एकामागून एक, थोडं थोडं पाऊल वर आणत. आणि त्यानंही नाही आलं, तर ऑपरेशन करून ती दोरी लांबवायची."

भाऊजींनी बाकीचं काही ऐकलंच नाही. ऑपरेशन हा एक शब्द ऐकला आणि माणूस पांढरा पडला. अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "डॉक्टर, मी दिवसा झोपतो. घरात सगळे माझ्यासाठी चवड्यांवर चालायचे. त्यानं झालं का हे?"

"त्यानं सहसा होत नाही. खूप मुलांत नेमकं कारण सापडतच नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ऐकलंत? सुटलात!"

तर म्हणतात कसे, "सहसा म्हणाल्या. सहसा म्हणजे कधीतरी होतं ना?"

अरे देवा! या माणसाला एक फट मिळाली की तेवढ्यातून आत शिरून तो स्वतःलाच धोपटतो. दुसऱ्या दिवशी बेकरीच्या मालकाला सांगून आले, की मला सोडायचंय, दुसरा माणूस बघा, तो मिळेपर्यंत येतो. एका गोदामात दिवसाचं काम बघितलं, पोती मोजायचं. पोती! ज्या माणसाला पिठाला अंगठा लावला की कळतं किती फुगलंय, तो पोती मोजणार! आणि घरात काय? बेलची वायर जोडली, खुर्च्यांचे मोजे काढले, रेडिओ लावून ठेवला. भाऊजी कामावरून येऊन डोळे टक्क उघडे ठेवून पडायचे. कान पलीकडे. टाच वाजतेय का, टाच वाजतेय का. ती काही वाजत नव्हती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "भाऊजी, पोरीच्या पायाचं बघा की! स्वतःला फाशी देऊन तिची पोटरी सैल होणार आहे का?"

"तेच तर करतोय," म्हणाले. आणि खरंच करत होते. फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम शिकवले होते. भिंतीला हात लावून उभं राहायचं, उतारावरून वर चढायचं, अस्वलासारखं चालायचं, आणि मोठ्या माणसानं पाऊल धरून पोटरी ताणायची. ते ताणायचं खातं भाऊजींनी स्वतःकडे घेतलं होतं, कुणाला हात लावू देत नव्हते. पण पुढच्या खेपेला बाईंनी मोजलं तर फरक शून्य.

"घरी कोण ताणतं?" बाईंनी विचारलं. तरुण पोर, बारीकशी, पण बोलणं ठसक्यात.

"मी," भाऊजी म्हणाले.

"करून दाखवा."

भाऊजींनी बाह्या सरसावल्या. भिंगरीचा गुडघा दुमडून मांडीवर घेतला, पोटरी दोन्ही हातांनी मळली, तळहाताच्या बुडानं मस्त दाबून दाबून, आणि मग बोटं धरून पाऊल असं वर उचललं की बाई किंचाळल्याच, "थांबा, थांबा! तुम्ही काम काय करता?"

"बेकरीत असतो."

"वाटलंच मला! हे पाऊल आहे हो, पावाचं पीठ नाही!"

भिंगरी पोट धरून हसली. मीही हसले, आणि त्या खोलीत मला बिस्कीट कोंबणारं कुणी नव्हतं. बाईंनी नीट दाखवलं. बोटांकडून ढकललं की पाऊल मधल्यामधे वाकतं आणि टाच जागची हलत नाही. दिसायला वाटतं पाऊल वर आलं, पण दोरीला ताण बसतच नाही. टाच तळहातात घट्ट धरायची, गुडघा सरळ ठेवायचा, टाच खाली ओढायची आणि मग नुसतं धरून ठेवायचं. झटका नाही, जोर नाही.

"धरून ठेवायचं?" भाऊजी एकदम ताठ बसले. "म्हणजे पीठ लाटताना आखडतं ना, मागे येतं, तेव्हा त्याच्याशी मारामारी करायची नाही. जरा थांबायचं. मग ते आपणहून येतं."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "हे मी आता सगळ्या आईबापांना सांगणार."

त्या दिवसापासून भाऊजींचे हात सुधारले. टाच हातात धरून तासन्‌तास गोष्टी सांगायचे तिला. पाऊल थोडं आलंही. पण थोडंच. डॉक्टरांनी बघून सांगितलं, दोरी फारच आखडलीय, प्लास्टर घालू या. काही आठवडे. दर वेळी जुनं काढायचं आणि पाऊल आणखी थोडं वर आणून नवीन घालायचं. शेवटचं काढल्यावर पाऊल काटकोनाच्या वर आलं तर सुटलो. नाही आलं तर ऑपरेशन.

आता इथे जरा सावरून बसा, कारण पुढे जे झालं ते आठवलं की मला अजून उभं राहवत नाही.

पहिल्या प्लास्टरचा दिवस. भिंगरीनं रंग निवडला जांभळा. फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला टेबलावर पालथं झोपवलं, गुडघा दुमडून पाऊल वर, आणि भाऊजींना म्हणाल्या, "तुम्ही तिच्या तोंडाशी बसा, गप्पा मारा, म्हणजे ती हलणार नाही. स्टूल नाहीये, उकिडवे बसा."

भाऊजी बसले, चवड्यांवर.

"नीट टाचा टेकून बसा हो, नाहीतर तोल जाईल."

"हो हो," म्हणत भाऊजींनी टाचा टेकल्या आणि धाडकन मागे उताणे! हात लागला तो प्लास्टर भिजवायच्या पाण्याच्या घमेल्याला. पाणी सगळं अंगावर, घमेलं गोल गोल फिरत दारापर्यंत गेलं. भिंगरी टेबलावरून ओरडली, "बाबा, परत कर! परत!"

ताई पुसायला फडकं शोधायला लागली. बाई मात्र हलल्या नाहीत. डोळे बारीक करून भाऊजींच्या पायांकडे बघत होत्या.

"खरंच परत करा," म्हणाल्या.

"परत पडू?"

"पडा."

ते परत पडले. मग त्यांनी भाऊजींना बूट-मोजे काढायला लावले, बाहेरच्या लांब पॅसेजमध्ये चालायला लावलं, ओल्या कपड्यांनी. इतकी वर्षं मी त्या माणसाला बघतेय. भाऊजींची चाल जरा उडती आहे हे सगळ्यांना माहीत. मला वाटायचं, स्वभावच हसरा, म्हणून चालही हसरी. आता बाईंच्या नजरेनं बघितलं आणि दिसलं, की टाच टेकते न टेकते तोच वर उचलतेय. प्रत्येक पावलाला!

"लहानपणी कसे चालायचात?" बाईंनी विचारलं.

भाऊजी ओशाळले. "पोरं मला बगळा म्हणायची. माझ्या थोरल्या भावालाही. आम्ही दोन बगळे."

"आणि तेव्हा तुमच्या घरी दिवसा कोण झोपायचं?"

भाऊजींनी ओली बाही पिळली. मग हळूच म्हणाले, "कुणीच नाही. आमचं घर भर बाजारात होतं. कानात बोटं घालून जेवायचो."

बाई हसल्या. "मग सुटला की प्रश्न! हे बऱ्याचदा घराण्यात असतं. बापाला, काकाला, आत्याला. तुमचं मोठेपणी बरंचसं सुटलं, थोडं राहिलं. हिचं जास्त आखडलं. तुमच्या झोपेचा त्याच्याशी काय संबंध? घरात कुणी चवड्यांवर चाललं नसतं, तरी ही अशीच चालली असती."

मी तर तिथल्या तिथे टाळी वाजवली! ताईच्या डोळ्यांत पाणी. आणि भाऊजी? भाऊजी विचार करत उभे. मग म्हणतात, "म्हणजे झोपेनं नाही दिलं, पण रक्तानं मीच दिलं."

"भाऊजी!" मी असा आवाज लावला की दोन खोल्या पलीकडून कुणीतरी डोकावलं. "नाक पण तुमचंच आहे तिला! बडबड तुमची, गालावरची खळी तुमची. त्या खळीबद्दलही नोकरी सोडणार का?"

आधी ताई हसली. मग भाऊजी. असे हसले, असे हसले, की भिंतीला टेकून खालीच बसले. माणसाच्या डोक्यावरचा डोंगर उतरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला. गोदामाला नाही कळवून टाकलं आणि दुसऱ्या सकाळी नेहमीसारखे दारात उभे, भुवयांवर पीठ. मालकानं दुसरा माणूस बघितलाच नव्हता म्हणे. "तू कुठे जातोयस," म्हणाला होता तो पहिल्याच दिवशी. पिशवीत भिंगरीसाठी पावाचे दोन बगळे होते. एक जरा चपलेसारखा दिसत होता, पण आम्ही काही बोललो नाही.

पण ऑपरेशनची टांगती तलवार होतीच. ती काही हसण्यानं जात नाही.

जांभळ्यानंतर हिरवं आलं. प्लास्टरवर खालून रबरी तळाचे बूट, त्यामुळे भिंगरी चालत होती, पळत होती, वर्गातल्या पोरांकडून प्लास्टरवर चित्रं काढून घेत होती. अंघोळीला पाय प्लास्टिकच्या पिशव्यांत. आत खाज सुटायची तेव्हा मात्र घर डोक्यावर घ्यायची. भाऊजी तिला घेऊन बसायचे आणि प्लास्टरवर बोटानं टकटक करायचे, पाव वाजवतात तसे. म्हणायचे, "अजून कच्चंय. थांब जरा." तेवढ्यावर ती थांबायची.

पण हिरवं काढलं तर काय! टाचेच्या मागे कातडी सोलवटली होती. छोटीशीच जखम, पण बाई म्हणाल्या, ही भरेपर्यंत नवीन प्लास्टर नाही. भाऊजींचं तोंड उतरलं. "मिळवलेलं जाणार का परत?"

"थोडं जाऊ शकतं," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत, हेच त्यांचं मोठेपण. "पाऊल वर धरून ठेवणारी, काढता-घालता येणारी कडक पट्टी देते. आणि तुमचे हात आहेतच."

त्या दिवसांत भाऊजींनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. कामावरून यायचे, हात धुवायचे, जखमेला धक्का लागू न देता टाच हातात घ्यायचे आणि धरून बसायचे. शाळेत जायच्या आधी आणि शाळेतून आल्यावर. बसल्या बसल्या डुलकी लागायची, मान छातीवर पडायची, पण टाच सुटायची नाही. भिंगरी मला डोळ्यांनी खुणवायची, बाबा झोपलाय. मी जाऊन हलवायची, "भाऊजी, आडवे व्हा." "हं," म्हणायचे आणि टाच तशीच. ताईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. मीही गेले मागोमाग. आम्ही दोघी तिथे उभ्या राहून रडलो आणि मग चहा केला.

जखम भरली. बाईंनी मोजलं. गेलं होतं, पण केसभर! "कोणी सांभाळलं हे?" त्यांनी विचारलं, आणि भाऊजी बोटं लपवल्यासारखे हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. मग नवीन प्लास्टर, पिवळं. मग शेवटचं, लाल.

लाल काढायच्या दिवशी मी ड्युटी बदलून घेतली. ड्रायव्हर म्हणाला, "काय होतंय ते मला आधी कळव, नाहीतर बस पुढे नेणार नाही." भाऊजी कामावरून थेट आले होते, अंगाला पावाचा वास. करवतीचा घर्र आवाज सुरू झाला. भिंगरीनं कान झाकले, आणि ताईनं डोळे. प्लास्टर दोन फाकांत उघडलं. आतून पाय निघाले, पांढरेफटक, बारीक झालेले. टाचा तर इतक्या मऊ आणि गुलाबी, की आत्ता जन्मलेल्या बाळाच्या असाव्यात.

डॉक्टर आल्या. कोन मोजायची पट्टी पायाला लावली. गुडघा सरळ. पाऊल वर घेतलं. आणखी वर. परत मोजलं. दुसरा पाय. परत मोजलं. अहो, बोला की काहीतरी! माझ्या तोंडाशी आलं होतं.

"काटकोनाच्या वर आलंय," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्हीकडे. चांगलंच वर. ऑपरेशन नको."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. आठवतं एवढंच की नर्स धावत आली. ताई तिच्याच गळ्यात पडली. डॉक्टर सांगत होत्या, अजून संपलेलं नाही, झोपताना पट्ट्या घालायच्या, व्यायाम सोडायचा नाही, पाय अशक्त झालेत, चालायला नव्यानं शिकावं लागेल, वाढत्या वयात परत आखडू शकतं, म्हणून दाखवत राहायचं. मी सगळं "हो, हो, हो" म्हटलं.  भाऊजी नुसते भिंगरीकडे बघत होते.

बाईंनी तिला टेबलावरून उतरवलं, दोन्ही हात धरून. अनवाणी, नुसत्या फरशीवर. ती डुगडुगली. पाय थरथरले. मग हळूच स्थिर झाली. खाली बघितलं आणि तोंडाचा हा एवढा चंबू केला.

"बाबा," ती म्हणाली, "मागे गार लागतंय."

"कुठे मागे?"

"इथे. टाचेला. फरशी गार आहे!"

सहा वर्षांच्या पोरीला फरशी टाचेला कशी लागते ते आज कळलं.  बाई खिडकीकडे बघायला लागल्या. आणि आमचे भाऊजी, भट्टीवरचा मोठा माणूस, सगळ्यांसमोर फरशीवर पालथे पडले. गाल फरशीला लावला, एक डोळा मिटला आणि तिच्या टाचेखाली करंगळी घालून बघायला लागले. घालतायत, जात नाही. दुसऱ्या टाचेला गेले. तिथेही जात नाही.

"बोट जात नाही," ते म्हणाले. "अगं, बोट जात नाही! तुम्ही बघा, खरंच जात नाही!" हसत होते आणि रडत होते, आणि नाकातून येणारं पाणी फरशीवर.

भिंगरीनं जरा वेळ वाट बघितली. मग तिचा नेहमीचा सूर लागला.

"बाबा, हात काढ ना! मला चालायचंय."

भाऊजींनी हात काढला.